वयस्कर माणसांसोबत शहरातली खरेदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. खरेदीची आवड तिला पहिल्यापासून आहे, पण गुडघे आणि कान आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत. गेली काही वर्षं मी तिला आणि तिच्या निमित्ताने तिच्या मैत्रिणींनाही शहरात खरेदीला नेते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या वाईट गेल्या. मी दुकानांची यादी घेऊन निघायचे आणि दुपार होईपर्यंत सगळ्याजणी थकून गप्प व्हायच्या. मग मी यादी करायची पद्धतच उलटी केली. आता आधी बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहं शोधते, मग त्यांच्या आसपासची दुकानं निवडते. तेव्हापासून दिवस चांगले जायला लागले. खालचे प्रश्न ओळखीच्या लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. काही मुला-सुनांचे आहेत, काही खुद्द ज्येष्ठांचे.

घरबसल्या सगळं मागवता येतं. मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न नेहमी मुलांकडून येतो, आईवडिलांकडून जवळजवळ कधीच नाही. कापड बोटांत धरून बघणं, दोन रंग उजेडात शेजारी ठेवणं, दुकानदाराला चार प्रश्न विचारणं आणि शेवटी स्वतःच्या हाताने पैसे देणं, यात त्या माणसाचा स्वतःच्या संसारावरचा हक्क शाबूत राहतो. मुलांनी मागवून दिलेली वस्तू चांगली असली तरी ती मुलांनी निवडलेली असते.

जड आणि नेहमीच्या वस्तू खुशाल घरपोच मागवा. त्यासाठी बाहेरची ताकद खर्च करू नका. जे हाताळून, घालून, ऐकून बघायचं आहे ते बाहेरच्या दिवसासाठी ठेवा.

किती तासांचा दिवस धरावा? किती दुकानं होतात?

घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत चार तास पुरेसे होतात. दुकानं दोन. तिसरं एखादं मनात ठेवावं, पण ते जमलंच पाहिजे असं नाही. सगळ्यात महत्त्वाची खरेदी पहिल्या दुकानात, कारण निवड करायलाही ताकद लागते आणि ती सकाळी जास्त असते.

वेळ मी कामाच्या दिवशी, सकाळ थोडी वर आल्यावरची धरते. अगदी पहाटे उठून तयार व्हायला लावू नका. संधिवात असलेल्यांचे सांधे उठल्यावर बराच वेळ आखडलेले असतात आणि घाई केली की पहिल्याच पायरीवर त्याची किंमत मोजावी लागते. जेवणानंतर लगेच चालायला लागणंही टाळा. वयस्कर माणसांपैकी अनेकांचा रक्तदाब जेवल्यावर तास-दोन तास खाली येतो, म्हणून भोवळ येते, डोळ्यांवर झापड येते. जेवण बाहेर होणार असेल तर त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास बसूनच काढावा, किंवा सरळ घरी निघावं. अंधार पडायच्या आत परतणं मला बरं वाटतं. त्याचं कारण डोळ्यांच्या प्रश्नात सांगितलं आहे.

आधी स्वतः जाऊन बघावंच लागतं का?

शक्य असेल तर हो. एकदा बघितलेली जागा पुढची काही वर्षं उपयोगी पडते. जमत नसेल तर फोन करा, पण प्रश्न नेमके विचारा. ‘ज्येष्ठांसाठी सोयीचं आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो हो, या ना’ हेच येतं. दारात किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, लिफ्ट आज चालू आहे का, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे आणि तिथे जायला पायरी चढावी लागते का, गाडी दारापासून किती पावलांवर थांबते, आत बसायला खुर्ची आहे का, असं एकेक विचारलं की पलीकडचा माणूस उठून बघून येतो आणि खरं सांगतो.

एकदा एका दुकानाने मला ‘रॅम्प आहे’ असं सांगितलं. होता, पण तीन पायऱ्यांवर टाकलेली एक फळी होती. ती चढताना मी आणि दुकानातला मुलगा दोघेही घामाघूम झालो आणि आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तेव्हापासून मी उताराचं गणित डोक्यात ठेवते. उंची एक असेल तर लांबी बारा हवी. १५ सेंटीमीटर उंचीच्या एका पायरीसाठी १८० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो. त्याहून बराच आखूड दिसला तर तो सामान चढवायला केलेला आहे असं समजा. चाकाची खुर्ची नेणार असाल तर दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटीमीटर असावी, आणि आत कुठेतरी दीड मीटर जागा असावी म्हणजे खुर्ची पूर्ण वळवता येते. टेप घेऊन जायची गरज नाही. आपल्या दोन हातांच्या पसरलेल्या लांबीवरून अंदाज येतो.

बसायला जागा किती अंतरावर असायला हवी?

ज्या माणसाला घेऊन जायचं आहे त्याला विचारा, किंवा आदल्या आठवड्यात त्यांच्यासोबत सहज फिरून बघा. किती मिनिटांनी ते एखाद्या भिंतीला हात टेकतात, रेलिंगपाशी रेंगाळतात, ते लक्षात ठेवा. तेवढ्या अंतराच्या आतच पुढची बसायची जागा असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठांना सोयीची शहरं कशी असावीत याची मार्गदर्शिका काढली. त्यासाठी जगातल्या ३३ शहरांत ज्येष्ठांशी बोलणं झालं, आणि बाहेर बसायला जागा व स्वच्छ, सापडतील अशी स्वच्छतागृहं या दोन साध्या गोष्टी त्यात आहेतच.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. दुकानाच्या काचेसमोर वारंवार थांबणारा माणूस नेहमी वस्तूच बघत असतो असं नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते आणि उभं राहिलं की काही मिनिटांत ती जाते. रस्त्यात उगाच थांबायला संकोच वाटतो, म्हणून लोक काचेत बघत उभे राहतात. जर्मन भाषेत तर या आजाराला ‘दुकानाच्या काचेचा आजार’ असंच नाव आहे. दुसरा प्रकार पाठीच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्याचा. त्यात नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. अशी माणसं मोठ्या दुकानात ट्रॉलीवर ओणवी होऊन आरामात फिरतात आणि ट्रॉली सोडली की दहा पावलांत पाय जड होतात. डॉक्टर निदान करतानाही हे विचारतात. तुमच्या माणसात यातलं काही दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. दोन्हींवर उपचार आहेत. पहिल्या प्रकाराचा संबंध हृदयाशीही असू शकतो, म्हणून तो दाखवायलाच हवा.

आणखी एक. जागा नुसती असून चालत नाही. खोल सोफ्यातून उठणं हा गुडघ्यांना त्रास असतो. पाठ असलेली, हात टेकायला दांडे असलेली, जरा उंच खुर्ची बघा. हलकं घडीचं स्टूल सोबत नेलं तर चालतं, पण ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी ते नको.

चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की बाबा चिडतात. काय करावं?

चिडणं मी समजू शकते. त्यांना वाटतं, आज बसलो की कायमचा बसलो. माझा अनुभव असा की ‘तुम्हाला चालता येत नाही म्हणून’ असं सुचवलेली कुठलीच गोष्ट स्वीकारली जात नाही. ‘एरवी एक दुकान होतं, खुर्ची असेल तर तीन होतील’ असं म्हटलं तर विचार होतो. दुकानात पोचेपर्यंत खुर्ची, आत स्वतःच्या पायांवर, हा मधला रस्ता पुष्कळांना पटतो. मोकळी खुर्ची सामान ठेवायलाही कामी येते.

ही लाज काही नवी नाही. आज आपण सहज ढकलतो ती ट्रॉली अमेरिकेत १९३७ साली ओक्लाहोमातल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली, तेव्हा लोक तिला हात लावायला तयार नव्हते. पुरुषांना ती कमकुवतपणाची खूण वाटली. शेवटी त्याने पगारी माणसं ठेवून त्यांना ट्रॉली ढकलत दुकानात फिरवलं, तेव्हा ती रुळली. बाबांच्या वयाचा एखादा मित्र वॉकर किंवा खुर्ची वापरत असेल तर त्यालाच सोबत घेऊन निघा.

खुर्ची घेताना मागची चाकं मोठी असलेली घ्यावी असं माझं ठाम मत आहे. लहान चाकांची हलकी असते, पण ती दुसऱ्यानेच ढकलावी लागते. मोठ्या चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतः दोन हात पुढे जाऊन हवी ती वस्तू बघू शकतो. बसताना-उठताना दोन्ही ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. त्या पट्टीवर पाय देऊन उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. फुटपाथवरून खाली उतरताना आणि तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, मागची चाकं आधी, सावकाश उतरवा. ढकलायला सुरुवात करण्यापूर्वी ‘निघू या?’ असं विचारा. न सांगता ढकललेल्या खुर्चीत किती दचकायला होतं ते एकदा स्वतः बसून बघावं.

आणि दुकानातला माणूस खुर्चीतल्या व्यक्तीला सोडून तुमच्याशी बोलायला लागला तर एक पाऊल मागे व्हा. उत्तर देऊ नका. तो आपोआप खाली बघून बोलू लागतो.

काठी कोणत्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. काठीच्या टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर निघण्यापूर्वीच बदला.

सरकता जिना की लिफ्ट?

लिफ्ट. काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर दुसरा विचारच नको. सरकता जिना सेकंदाला साधारण अर्धा मीटर या वेगाने चालतो. आपल्याला तो संथ वाटतो, पण पाऊल टाकायची वेळ आपण ठरवत नसतो, जिना ठरवतो. शेवटी पायरी जिथे आत जाते तिथे पाय अडकून पडणारे अनेक असतात. नाइलाज झाला तर हातात सामान ठेवू नका, एक हात कठड्यावर असू द्या, चढताना तुम्ही त्यांच्या मागे आणि उतरताना पुढे उभे राहा. फिरत्या दारातूनही नेऊ नका. बहुतेक ठिकाणी शेजारी साधं दार असतं, ते उघडायला सांगा.

रस्ता ओलांडताना सिग्नल संपतो आणि आई मध्येच अडकते.

तिच्या चालण्यात दोष नाही. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं अनेक ठिकाणी धरतात. १२ मीटर रुंद रस्ता त्या वेगाने १० सेकंदांत संपतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला १५ सेकंद लागतात, आणि गुडघे दुखणारी पुष्कळ माणसं याच वेगाने किंवा याहून सावकाश चालतात. म्हणून दिवा आधीच हिरवा असेल तर पाऊल टाकू नका. तो लाल होऊन पुन्हा हिरवा होईपर्यंत थांबा. मध्ये दुभाजकावर उभं राहायला नीट जागा आहे अशाच ठिकाणी ओलांडा. माझा साधा नियम असा आहे की दोन्ही दुकानं रस्त्याच्या एकाच बाजूची निवडायची.

बाहेर लघवीला लागेल म्हणून आई पाणीच पीत नाही.

जवळजवळ सगळ्या बायका हेच करतात, आणि बोलत नाहीत. वयाबरोबर तहानेची जाणीव मुळातच कमी होते. त्यात मुद्दाम पाणी टाळलं की चक्कर, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं हे सगळं त्याच दिवशी येतं. शिवाय लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चुरचुरतं, म्हणजे टाळायला गेलो तीच घाई वाढते.

यावर उपाय म्हणजे खात्री देणं. ‘पाणी पी गं’ असं दहा वेळा म्हणण्यापेक्षा ‘या दुकानाच्या मागे स्वच्छतागृह आहे, कमोड आहे, दांडा आहे, मी बघून आले आहे’ हे एक वाक्य जास्त काम करतं. एकदम भरपूर पाणी न देता घोटघोट, मधूनमधून द्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असेल तर अर्थातच तेच पाळा. लागली असो वा नसो, प्रत्येक टप्प्यावर जाऊन यायचं ठरवा, म्हणजे ‘थांबा, मला जायचंय’ असं कुणा एकीला म्हणावं लागत नाही. पिशवीत एक जादा कपड्याचा जोड, पॅड आणि टिश्यू ठेवा, आणि ठेवलंय हे फक्त तिलाच सांगा.

लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइडसारखी, चालू असेल तर तिचा जोर साधारण तासाभरात सुरू होऊन काही तास टिकतो. बाहेर जायच्या दिवशी वेळ पुढे-मागे करता येईल का ते डॉक्टरांना आधी विचारा. मनाने गोळी बुडवू नका.

मधुमेह आणि बाकीची औषधं सांभाळून कसं जायचं?

इन्शुलिन किंवा साखर चटकन खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवायची नाही. एका बिलाच्या रांगेत अर्धा तास सहज जातो, हे धरून चाला. हात थरथरणं, घाम, चिडचिड, बोलण्यात गोंधळ दिसला की खरेदी तिथेच थांबवा. रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. यंत्र जवळ नसेल तर तपासण्यासाठी वाट न बघता साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. इन्शुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवायचं नाही. ते खराब होतं आणि खराब झालेलं दिसतही नाही.

बराच वेळ बसल्यावर उठताना रक्तदाब उतरतो. आधी बसल्या बसल्या पाऊल वर-खाली करा, मग खुर्चीच्या कडेला या, मग उभे राहा आणि लगेच चालायला लागू नका. ‘चला चला, नंबर आला’ अशी घाई करणारी मीच असायचे. ती सवय मी मोडली.

बूट आणि कपडे घालून बघण्यात फार दमछाक होते.

बूट दुपारनंतर घ्या. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दोन्ही पाय मोजा, कारण ते क्वचितच सारखे असतात, आणि मोठ्या पायाचं माप धरा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर ‘बरा वाटतोय’ या शब्दावर विसंबू नका. घरी कागदावर पाऊल ठेवून बाहेरची रेघ काढा, कागद कापा आणि तो बुटात घालून बघा. कागद दुमडला तर बूट अरुंद आहे.

कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूममध्ये खुर्ची मागा. मागितली की मिळते, पण आपणहून कुणी ठेवत नाही. अंगातले कपडे पटकन निघतील असे घालून जा. खांदे वर होत नसतील तर पुढून उघडणारे कपडेच बघा. आणि ट्रायल रूमची कडी आतून लावू नका, तुम्ही बाहेर उभे राहा.

दुकानात गेल्यावर नीट दिसत नाही, ऐकू येत नाही.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. उजेडातून आत आल्यावर डोळे सरावायलाही वेळ लागतो. म्हणून दारातून आत आल्यावर एका बाजूला मिनिटभर उभे राहा. बरेच जण उंबऱ्यातच ठेचकाळतात ते याच मिनिटात. वाचायचा आणि लांबचा नंबर एकाच काचेत असलेल्या चष्म्यातून खालची पायरी अस्पष्ट दिसते. पायऱ्या उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून बघायचं. वारंवार बाहेर जाणाऱ्यांनी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करावा का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

कानांचं म्हणाल तर, मोठ्याने बोलून फारसा फायदा होत नाही. वयामुळे वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे शब्द ऐकू येतात पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ निसटतात. गाणी लावलेली असतील तर कमी करायला सांगा, काउंटरवरच्या माणसाला समोर बघून, सावकाश बोलायला सांगा. रक्कम कागदावर लिहून घ्या. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या जादा ठेवा.

बाबांना विस्मरणाचा त्रास आहे. न्यावं का?

न्यावं, पण लहान, ओळखीच्या दुकानात आणि गर्दी नसताना. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटू शकते. दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटू शकतो. ते अडून बसले तर हट्ट समजू नका. तुम्ही आधी त्यावर पाय ठेवून दाखवा. निघण्यापूर्वी त्यांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा आणि नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा. निवडायला दोनच वस्तू समोर ठेवा. काही देशांत सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी पट्टी गळ्यात घालतात. न दिसणारी अडचण आहे, थोडा वेळ द्या, असं ती सांगते. ही पद्धत २०१६ साली ब्रिटनमधल्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता पुष्कळ दुकानांत ओळखली जाते.

पैसे कुणी द्यायचे?

ज्यांची खरेदी आहे त्यांनी. बोटं वळत नसतील तर नाणी-नोटा आधीच वेगवेगळ्या कप्प्यांत लावून ठेवा, पण पाकीट त्यांच्याच हातात असू द्या. रांगेतल्या लोकांकडे बघून कासावीस होऊ नका. कार्डाचा पिन टाकताना तुम्ही शेजारी, पाठ फिरवून उभे राहा म्हणजे मागच्याला दिसत नाही. पिन किंवा फोनवर आलेला आकडा दुकानातल्या कुणालाही मोठ्याने सांगायचा नाही, ‘मी टाकून देतो आजी’ असं कितीही गोड बोलून कुणी मागितला तरी.

पेसमेकर असेल तर दारातल्या चोरी पकडणाऱ्या खांबांमधून जावं का?

नेहमीच्या चालीने निघून जावं. त्यांना टेकून किंवा मध्येच थांबून राहायचं नाही. फोन छातीच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, किमान १५ सेंटीमीटर लांब असावा.

सामान?

एका हातात जड पिशवी घेतली की तोल जातो. त्यांच्या हातात काहीच देऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. आई आपली छोटी पिशवी कुणाला देत नाही, आणि मीही मागत नाही. बाकीचं घरी पोचवायला सांगा.

पडल्या तर काय करायचं?

सगळ्यात आधी, उचलू नका. भोवतालचे लोक लगेच काखेत हात घालून उभं करतात, त्यांना थांबवा. काय दुखतंय ते विचारा. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, किंवा मांडीच्या सांध्यात असह्य दुखत असेल, तर हलवू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ‘मी अगदी ठीक आहे’ असं त्या म्हणाल्या तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आत सावकाश रक्त साठू शकतं. म्हणून औषधांची यादी पाकिटात हवी, तुमच्याही आणि त्यांच्याही.

काहीच लागलं नसेल तर आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, मग समोर आणलेल्या भक्कम खुर्चीला धरून चांगला पाय पुढे, असं त्यांनाच सावकाश उठू द्या. त्यानंतर निदान दहा मिनिटं बसायचं.

मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. एकटी जाऊ का?

जा. ओळखीचा रस्ता, एक दुकान, भरलेला फोन, पाकिटात औषधांची यादी, आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते कुणाला तरी सांगून. दुकानात शिरल्याबरोबर खुर्ची मागा. दमल्यावर मागू नका, शिरल्यावरच मागा. परत येताना वाहन दारापर्यंत बोलवा, त्यावर खर्च करताना मन मोठं ठेवा.

एकदा नेलं, आता पुन्हा यायला नकोच म्हणतात.

काय नकोसं झालं ते नेमकं शोधा. ‘दमले’ हे उत्तर खरं असतं, पण अर्धं असतं. आई अशीच एकदा चार महिने नाही म्हणत राहिली. मी गुडघ्यांवर, उन्हावर, गर्दीवर उपाय शोधत होते. एका रात्री ती सहज बोलून गेली. मागच्या वेळी बिलाच्या काउंटरवर ती पैसे मोजत असताना मी मागून हात पुढे करून माझं कार्ड दिलं होतं. पुढच्या फेरीला मी काउंटरपासून दूर, दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. तिला अकरा मिनिटं लागली. पावती घडी करून पाकिटात ठेवत ती आली आणि शेजारच्या दुकानात जाऊ या का, असं तिनेच विचारलं.